बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भूगोलाची क्षेत्रभेट: पहिल्यांदाच मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांसाठी

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. तरीही बऱ्याच शाळांमध्ये क्षेत्रभेट म्हणजे बस, डबे, एक ग्रुप फोटो आणि नंतर एकाच्या वहीवरून अख्ख्या वर्गाने उतरवलेला अहवाल. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. तिथे जाऊन नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, आणि नव्या शिक्षकाला तरी कोण सांगतं?

मुंबई-ठाण्याकडच्या शाळांसाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरलंय. समुद्रसपाटीपासून तीसेक मीटरवर सुरू होणारी जमीन ४८० मीटरच्या आसपास चढते. डोंगर, दरी, ओढा, दोन तलाव, ज्वालामुखीचा खडक आणि त्यात कोरलेली कान्हेरीची लेणी, सगळं बोरिवली स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. सातवी ते दहावीच्या कुठल्याही वर्गाला नेता येईल. इथे मी नववी-दहावी डोळ्यांसमोर ठेवली आहे.

आधी प्रश्न ठरवा

"राष्ट्रीय उद्यानातील भूरूपांचा अभ्यास" हा विषय फळ्यावर छान दिसतो, पण त्यातून मुलाला काही करता येत नाही. उत्तर शोधत फिरता येईल असा एक प्रश्न हवा. मी सुचवेन तो असा: या डोंगरावर पडलेला पाऊस कुठे कुठे जातो, आणि जाता जाता काय घडवतो?

या एका प्रश्नात बहुतेक सगळं बसतं. उतार का मोजायचा? पाणी कुठून धावेल ते कळायला. गोटे का बघायचे? पाण्याने त्यांचं काय केलं ते बघायला. लेण्यातल्या पाण्याच्या टाक्या का बघायच्या? दोन हजार वर्षांपूर्वी हाच प्रश्न तिथे राहणाऱ्या भिक्खूंनी सोडवला होता म्हणून. वनस्पती, प्राणी, प्रदूषण, पर्यटन, इतिहास, सगळं एका दिवसात कोंबायचा मोह होतो. तो आवरा. बिबट्या कुणालाही दिसणार नाही, आणि दिसला तर त्या दिवशी भूगोल होणार नाही.

तारीख आणि परवानग्या

उद्यान सोमवारी बंद असतं, कान्हेरीची लेणीही. शनिवार-रविवारी गर्दी इतकी की ओढ्याकाठी टेप पसरायला जागा मिळत नाही. म्हणजे मंगळवार ते शुक्रवार.

ऋतूचा विचार जरा जास्त करायला हवा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या उपनगरात साधारण सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत जंगल सुंदर असतं आणि ओढे धोक्याचे. वरच्या डोंगरात सर कोसळली की खाली ऊन असतानाही पाणी झपाट्याने चढतं. मुलांना पाण्याजवळ न्यायचं असेल तर पावसाळ्यात जाऊ नका, मग मुख्याध्यापकांना ऑगस्टची तारीख कितीही सोयीची वाटो. उलट फेब्रुवारीनंतर ओढा कोरडा पडू लागतो आणि मोजायला पाणीच उरत नाही. ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. उरला सुट्टीनंतरचा पहिला-दुसरा आठवडा. तेव्हा ओढ्यात घोट्याएवढं पाणी असतं, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि खडक उघडे दिसतात. तोच धरा.

मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र उद्यानाच्या कार्यालयात किमान तीन आठवडे आधी द्या. पत्रात मुलांची संख्या, इयत्ता, सोबतचे शिक्षक, आणि ओढ्याजवळ मोजमाप करायचं आहे हे स्पष्ट लिहा. शिलोंड्याच्या पायवाटेसारख्या आतल्या वाटांवर वेगळी परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो. निसर्ग माहिती केंद्रात विचारलं तर मोठ्या गटासाठी कोणती जागा बरी ते तिथली माणसं सांगतात. कान्हेरीसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं तिकीट वेगळं असतं. १५ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही, पण दहावीतली निम्मी मुलं ते वय ओलांडून गेलेली असतात, तेव्हा शाळेची ओळखपत्रं प्रत्येकाच्या गळ्यात हवीत. आतल्या वाहनांची व्यवस्था आणि दर बदलत राहतात. जुन्या माहितीवर विसंबू नका, त्या आठवड्यात फोन करा. शिक्षण खात्याची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं हे तर ठाऊकच असेल.

मग एकदा मुलांशिवाय जाऊन या. हे टाळू नका. नकाशावर सोपी दिसणारी जागा प्रत्यक्षात निसरडी निघते, किंवा तिथे माकडांचा मुक्काम असतो. त्या फेरीत चार गोष्टी नक्की करा: थांबे, दोन थांब्यांमधलं चालण्याचं अंतर, स्वच्छतागृहं कुठे आहेत, आणि मोबाइलला रेंज कुठे मिळत नाही.

वर्गातले दोन तास

जाण्याआधी दोन तासिका लागतात. पहिली नकाशाची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा घ्या आणि उद्यानाचा भाग मोठा करून छापा. मुलांना निळ्या पेन्सिलीने सगळे ओढे गिरवायला लावा, मग तपकिरी रंगाने प्रत्येक पाचवी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. पंधरा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच की ओढ्याजवळ या रेषा वळतात आणि त्यांचं टोक चढाकडे असतं. ते तुम्ही सांगायचं नाही. ते त्यांचं त्यांना सापडू द्या.

त्याच नकाशावर तुळशी आणि विहार हे तलाव शोधायला लावा. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईला नळाने पाणी पुरवणारी ती पहिली योजना. तुळशी त्यानंतरचा, १८७९ चा. तुळशीत सुमारे ८०४ कोटी लिटर पाणी मावतं, विहारमध्ये सुमारे २,७७० कोटी. मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं असं धरून भागाकार करायला सांगा. तुळशी दोन दिवसांत रिकामा होतो, विहार आठवड्याभरात. या एका गणितानंतर मुलं तलावाकडे वेगळ्या नजरेने बघतात. दोन्ही तलावांच्या काठाला जाता येत नाही आणि त्यात मगरी आहेत, हेही तेव्हाच सांगून टाका, म्हणजे त्या दिवशी कुणी हट्ट धरणार नाही.

नकाशावर बोट ठेवून आणखी एक रेघ दाखवा. तुळशीच्या बाजूने निघणारी दहिसर नदी उद्यानातून बोरिवलीकडे उतरते आणि साधारण १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी मिठी नदी बनून माहीमच्या खाडीकडे जातं. एकाच डोंगरावरचा पाऊस दोन वेगळ्या खाड्यांना. या दोन नद्यांकडे जाणारं पाणी जिथे वेगळं होतं ती जलविभाजक रेषा मुलांना अंदाजाने काढू द्या. चुकली तरी चालेल, परत आल्यावर सुधारता येते.

दुसरी तासिका साधनं बनवण्याची. कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूला बांधलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला एक नट: झाला उतारमापक. कोनमापकाची सरळ कड डोळ्याला लावून समोरच्या, आपल्याच उंचीच्या मुलाच्या डोळ्यांकडे बघायचं. सपाट जमिनीवर दोरा ९० वर असतो. चढावर तो जितका सरकतो तितका उताराचा कोन. हे शाळेच्या जिन्यावर करून बघा. सरावाशिवाय जंगलात नेलं तर अर्धा वेळ "मॅडम, दोरा हलतोय" यातच जातो.

काय न्यायचं

सहा-सात मुलांच्या गटामागे तीस मीटरची टेप, एक मीटरची पट्टी, सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाइल, उतारमापक, होकायंत्र, भिंग, जाड पुठ्ठ्याला क्लिप लावून कागद, आणि पेन्सिल. पेन नको. दवाने आणि घामाने शाई पसरते. तक्ते आधीच आखून न्या.

अंगावर पूर्ण पँट, पूर्ण बाह्या, बूट. चप्पल घातलेल्याला ओढ्याकडे सोडू नका. पाण्याच्या बाटल्या स्टीलच्या, कारण उद्यानात प्लास्टिकवर बंदी आहे आणि दारात पिशव्या तपासतात. जलसंजीवनीची पाकिटं, प्रथमोपचार पेटी, दोन जादा दुपट्टे. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा यांना पूर्ण मनाई करा. कान्हेरीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

आणि हातोडी नाही. खडकाचा नमुना गोळा करण्याची पद्धत पुस्तकात असते, पण राष्ट्रीय उद्यानातून दगड, पान, बी काहीही बाहेर नेता येत नाही, आणि लेणी हे संरक्षित स्मारक आहे. पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या, काम होतं.

पहिला थांबा: ओढा

उद्यान सकाळी साडेसातच्या सुमारास उघडतं. तेव्हाच दारात असा. दारापासून आत थोडं गेल्यावर दहिसर नदीचं पात्र रस्त्याच्या बाजूने येतं. इथे ती ओढ्यासारखीच आहे. वनरक्षक दाखवतील तिथेच उतरा, आणि पाणी मुलांच्या पोटरीच्या वर असेल तर काठावरून जमेल तेवढंच करा.

आधी पाच मिनिटं फक्त बघायला लावा, काही न लिहिता. पाणी कुठे जोरात आहे, कुठे संथ? वळणाच्या कुठल्या काठाला गोटे साचलेत आणि कुठला काठ खचलाय? मग टेप.

रुंदी काठापासून काठापर्यंत. खोली त्याच रेषेवर समान अंतरावर पाच ठिकाणी, आणि मग सरासरी. वेगासाठी काठाने दहा मीटर मोजून दोन्ही टोकांना एकेक मूल उभं करा. वरून वाळकी काटकी सोडायची आणि खाली पोहोचायला किती सेकंद लागले ते मोजायचं. असं तीनदा. काटकी दगडात अडकली तर तो प्रयत्न मोजायचा नाही, पण वहीत नोंदवायचा.

समजा सरासरी ४० सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला ०.२५ मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा वेगाने जातं, म्हणून या आकड्याला ०.८५ ने गुणायचं: साधारण ०.२१. रुंदी ३ मीटर आणि सरासरी खोली १२ सेंटिमीटर असेल तर पाण्याचा छेद ०.३६ चौरस मीटर. दोन्हींचा गुणाकार ०.०७६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ७५ लिटर. चार-पाच बादल्या पाणी दर सेकंदाला. हा हिशोब मुलांनी तिथेच, काठावर बसून करायला हवा. घरी गेल्यावर तो नुसता गृहपाठ होतो.

नंतर गोटे. प्रत्येकाने डोळे मिटून हाताला लागेल तो एक गोटा उचलायचा (डोळे उघडे ठेवले की सगळे सुंदर तेवढेच उचलतात), त्याची सर्वांत लांब बाजू मोजायची आणि तो किती गोलाईचा आहे ते ठरवायचं: अगदी कोनदार, कोनदार, किंचित कोनदार, किंचित गोल, गोल, अगदी गोल. या सहा पायऱ्यांची चित्रं कागदावर काढून न्या, नाहीतर वाद संपत नाहीत. मोजून झालं की गोटा जिथून उचलला तिथेच परत.

हेच सगळं शंभर-दोनशे मीटर वर जाऊन पुन्हा करता आलं तर उत्तम. अंतर कमी असल्याने पुस्तकातल्यासारखा ठळक फरक दिसेलच असं नाही. दिसला नाही तर तसंच लिहायचं. मुलांना वाटतं की उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही म्हणजे आपलं मोजणं चुकलं. ते तसं नसतं, हे त्यांना ओढ्याकाठीच सांगा.

रस्त्याने कान्हेरीकडे

दारापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आहे. एक बाजू वाहनाने आणि एक बाजू चालत, असं ठेवलं तर वेळ जमतो. चढावर दोन-तीन ठिकाणी उतारमापक काढा, आणि जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे थांबा. अशा कापलेल्या भिंतीत वरून खाली माती, मग कुजलेला पिवळट मुरूम, मग फुटके दगड आणि तळाला अखंड खडक दिसतो. विदारण म्हणजे काय, खडक जागच्या जागी फुटून-कुजून कसा सुटा होतो, ते इथे बोटाने दाखवता येतं. पट्टी लावून प्रत्येक थराची जाडी लिहून घ्या.

कडेच्या तीव्र उतारांवर कारवीची दाट झुडपं दिसतील. आठ वर्षांनी एकदाच फुलणारी हीच ती कारवी. भूगोलाच्या दृष्टीने तिच्या मुळांनी धरून ठेवलेली माती महत्त्वाची. झुडपं असलेला उतार आणि लोकांच्या पायांनी उघडा पडलेला उतार शेजारी शेजारी दिसले तर दोन्हींवरच्या घळी मोजा.

कान्हेरी: खडक नीट बघा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, दीड तास तरी.

मुलांना "हा खडक कोणता?" विचारलं की एका सुरात उत्तर येतं: बेसॉल्ट. महाराष्ट्र म्हणजे दख्खनचं पठार, पठार म्हणजे बेसॉल्ट, हे पाठ असतं. दख्खनचे लाव्हाथर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आणि उद्यानात बेसॉल्ट भरपूर आहे, हे खरंच. पण लेण्याच्या भिंतीवर भिंग धरा. एकसारखा काळा, बारीक कणांचा खडक असायला हवा होता. त्याऐवजी वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या आकारांचे तुकडे एका बारीक भुग्यात घट्ट बसलेले दिसतात, चिक्कीत दाणे बसावेत तसे. हा ज्वालामुखीय ब्रेक्सिया. स्फोटाने फुटलेले खडकांचे तुकडे राख-भुग्यासकट साचून, घट्ट होऊन तयार झालेला. जोगेश्वरी आणि मंडपेश्वरची लेणीही अशाच खडकात आहेत.

आता सकाळच्या गोट्यांची आठवण करून द्या आणि विचारा: या भिंतीतले तुकडे गोल आहेत की कोनदार? कोनदार. मग हे तुकडे नदीने वाहून आणले असतील का? वर्गात ज्याने वर्षभर हात वर केलेला नसतो असं एखादं मूल इथे उत्तर देतं. ओढ्यातली मोजणी आणि डोंगराचा जन्म यांचा धागा असा एका प्रश्नाने जुळतो. म्हणूनच मी ओढा आधी आणि लेणी नंतर ठेवते. हा क्रम बदलू नका.

नेहमीचा बेसॉल्टही दाखवा. ओढ्यात आणि रस्त्याकडेला त्याचे दगड आहेत. त्यात जुन्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या दिसतात, काहींत पांढरी खनिजं भरलेली. दोन्ही खडकांचं वर्णन मुलांनी नाव न लिहिता करायचं: रंग, कण, तुकडे, पोकळ्या, ओरखडा पडेल असं वाटतं का (ओरखडा काढायचा मात्र नाही). नाव सगळ्यात शेवटी.

मग पाणी. कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून ती कोरायला सुरुवात झाली आणि पुढे कित्येक शतकं इथे भिक्खू राहिले. डोंगरावर बारमाही झरा नाही, पावसाचे महिने चार. तरी वस्ती टिकली, कारण बहुतेक विहारांच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्यांच्या, शेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहे. अशा टाकीला पोढी म्हणतात. माथ्यावरून येणारं पाणी टाकीकडे वळवायला खडकात पन्हळी कोरलेल्या दिसतात. प्रत्येक गटाला एक टाकी नेमून द्या. उतार कुठून कुठे, पन्हळ कुठून येते, टाकीचं तोंड कुठल्या दिशेला, कठडा किती उंच, याचा साधा आराखडा काढायचा. टाक्यांत वाकून बघायचं नाही, त्या खोल असतात. एक शिक्षक तिथेच उभा हवा.

भिंतींवर पाणी झिरपलेल्या जागी काळे-हिरवे पट्टे आणि सुटलेले पापुद्रे आहेत. खडक पाण्याला कसा हरतो ते इथे, आणि माणसाने पाणी कसं अडवलं ते दहा पावलांवर. चैत्यगृहातल्या मोठ्या बुद्धमूर्तींपाशी मुलं आपणहून थांबतील. थांबू द्या. शिलालेख आणि राजांची नावं इतिहासाच्या बाईंसाठी सोडा, त्या सोबत असतील तर फारच छान.

माथ्यावर रेखाचित्र

लेण्यांच्या वरच्या कातळावर दुपारी फार वेळ बसवू नका, ऊन भाजून काढतं. वीस मिनिटं पुरतात. चौकट आखा, क्षितिजाची रेघ ओढा, मग सर्वांत लांबचं, मधलं आणि जवळचं अशा तीन रेघांत डोंगर बसवा. झाडं काढायची नाहीत. चित्रकलेचे गुण नाहीत, नावं आणि बाण यांचे आहेत: तीव्र उतार, सौम्य उतार, दरी, ओढ्याची दिशा, जंगलाची कड, पश्चिमेकडच्या इमारती आणि त्यापलीकडची खाडी. उत्तर दिशा आणि वेळ लिहिल्याशिवाय कुणाचाही कागद घेऊ नका. फोटो सगळे काढतातच, पण फोटोत सगळंच येतं. काय महत्त्वाचं ते निवडावं लागतं फक्त रेखाचित्रात.

माणसं

उद्यानात आदिवासी पाडे आहेत, नवापाडा आणि तुळशीपाडा त्यांपैकी. कान्हेरीच्या वाटेवर काकडी, बोरं, पेरू विकणाऱ्या बायका बसतात. त्यांच्याशी बोलायचं तर प्रश्नावली हातात घेऊन वीस मुलांनी घेराव घालू नये. दोन-तीन मुलं, आधी नमस्कार, आधी काहीतरी विकत घेणं, मग "मावशी, उन्हाळ्यात ओढ्याला पाणी कधीपर्यंत असतं?" एवढाच साधा प्रश्न. त्यांना या पाण्याचं जे ठाऊक आहे ते तुमच्या तक्त्यात एरवी येणार नाही. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. "तुमच्याकडे वीज आहे का", "तुम्ही शाळेत गेलात का" असले प्रश्न यादीतून आधीच काढून टाका.

डबे उघड्यावर न खाता नेमून दिलेल्या जागी, गोल करून खा. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. हजेरी प्रत्येक थांब्यावर सुरुवातीला आणि निघताना. गटाच्या पुढे एक मोठं माणूस, शेवटी एक, आणि एकट्या मुलाने झुडपाआड जायचं नाही. बिबट्यांचं घर आहे, एवढं कारण पुरतं. दारापाशी आणि कान्हेरीजवळ स्वच्छतागृहं आहेत. मुलींना हे सकाळीच सांगा, म्हणजे त्या दिवसभर पाणी प्यायचं टाळत नाहीत.

परतताना एक पूल

बाहेर पडल्यावर बस सरळ शाळेकडे नेऊ नका. बोरिवली-दहिसर भागात दहिसर नदीवर पूल आहेत. पदपथ असलेल्या एखाद्या पुलावर दहा मिनिटं थांबा. सकाळी जिच्यात गोटे मोजले तीच नदी इथे दोन भिंतींमध्ये आहे. खाली उतरायचं नाही, पाणी घाण असतं. वरून फक्त लिहायचं: काठ कशाचा, तळ कशाचा, पाण्याचा रंग, दोन्ही बाजूला काठापासून पहिलं घर किती अंतरावर.

मग २६ जुलै २००५ ची गोष्ट सांगा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीच्या काठची वस्ती बुडाली. तेव्हा ही मुलं जन्मलेलीही नव्हती, पण घरी प्रत्येकाच्या आईवडिलांकडे त्या रात्रीची आठवण आहे. ती विचारून दुसऱ्या दिवशी लिहून आणायची. सकाळचा प्रश्न होता की पाऊस कुठे कुठे जातो. त्याच्या उत्तराचा शेवटचा भाग तुम्हाला घरोघरून मिळतो.

अहवाल

अहवाल आठवड्याच्या आत घ्या. प्रस्तावना, उद्देश, स्थान, साधनं व पद्धत, निरीक्षणं, निष्कर्ष, आभार हा सांगाडा परीक्षेलाही चालतो. पण गुण देताना पेन्सिलीने लिहिलेला मूळ कागद अहवालाला जोडलेला हवा, अशी अट घाला. मळका, दुमडलेला, खाडाखोड असलेला. तो नसेल तर सुबक अक्षरातला अहवाल कुठून आलाय हे तुम्हाला माहीतच आहे.

गटांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. एकाच ओढ्याचा वेग एका गटाला ०.२ आणि दुसऱ्याला ०.४ आला असेल, तर कोण चुकलं हे शोधण्याआधी दोघांनी कुठे मोजलं ते विचारा. बहुतेक वेळा एक गट वळणाच्या आतल्या बाजूला असतो आणि दुसरा बाहेरच्या. गोट्यांच्या लांबीचा स्तंभालेख, उताराचा छेद, आणि ओढ्याचा आडवा छेद, एवढे तीन आलेख पुरेत. उताराच्या छेदात उभं प्रमाण ताणलेलं असतं, ते किती ताणलंय हे खाली लिहायला लावा. नाहीतर कान्हेरीची टेकडी हिमालयासारखी दिसते.

मोजलेल्या जागांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून टिपून शाळेच्या दप्तरात ठेवा. फेब्रुवारीत पाच-सहा मुलांना घेऊन त्याच जागी परत गेलात, तर नोव्हेंबरच्या ७५ लिटरांचं काय झालं ते कळेल. पुढच्या वर्षीच्या वर्गाला सुरुवात करायला तेवढे दोन आकडे खूप झाले.